नेता नसलेल्या आंदोलनाची एक मागणी कशी ठरवायची?

दूधवाटा (धागालेखक)

नमस्कार. तालुक्यातल्या १४ गावांतले दूध उत्पादक दरासाठी एकत्र आलेत. पक्षाचा झेंडा नको, कुणी एक अध्यक्ष नको, हे पहिल्याच बैठकीत ठरलं आणि त्यावर सगळे ठाम आहेत. अडचण आहे ती मागण्यांची. प्रत्येक गावाकडून लिहून घेतल्या, एकत्र केल्या, तर १९ निघाल्या. गायीच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) परवडेल असा दर, फॅट-एसएनएफचा पॉइंट कमी लागला की होणारी कपात, दहा दिवसांचा पगार (दुधाचे पैसे) वेळेवर, काटे आणि मिल्कोटेस्टरची (फॅट मोजायच्या यंत्राची) तपासणी, पेंडीचे भाव, अनुदानासाठी लागणारं जनावरांचं टॅगिंग (कानातला बिल्ला), दूध पावडरची आयात, इथपासून थेट कर्जमाफीपर्यंत. प्रत्येक गावाला आपली मागणी पहिली हवी आहे.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

१) १९ मधून एक कशी निवडायची, की बाकीची गावं बाजूला होणार नाहीत?
२) नेता नाही, तर चर्चेला जायचं कुणी आणि काय अधिकार घेऊन?
३) अशी आंदोलनं आधी कुठे फसली आणि नेमकी का?

"एकी ठेवा" हा सल्ला सगळेच देतात. ती ठेवायची कशी, ते हवं आहे.

---

बांधकरी

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, पहिल्या दोन्हींची बरीचशी उत्तरं तिथेच आहेत.

२०१७ चा शेतकरी संप दिवसावार मांडून बघा. राहाता तालुक्यातल्या पुणतांब्याच्या ग्रामसभेने एप्रिलमध्ये संपाचा ठराव केला आणि १ जूनला संप सुरू झाला. गावांनी आपापल्या बळावर दूध आणि भाजीपाला रोखला, मुंबई-पुण्याच्या बाजारातली आवक घसरली. मागण्या भरपूर होत्या: सरसकट कर्जमाफी, उत्पादन खर्चाच्या दीडपट हमीभाव, वीज, दुधाचा दर, म्हाताऱ्या शेतकऱ्याला पेन्शन. संपाला दोन दिवस झाले होते. मुख्यमंत्र्यांच्या 'वर्षा' बंगल्यावर रात्रभर बैठक चालली आणि ३ जूनच्या पहाटे संप मागे घेतल्याचं जाहीर झालं. अल्पभूधारकांची कर्जमाफी ३१ ऑक्टोबरपर्यंत करू, असं आश्वासन मिळालं होतं. सकाळी गावागावांत एकच सवाल होता: आम्हाला विचारलं कुणी? संप थांबलाच नाही. त्याचं केंद्र नाशिककडे सरकलं, ५ जूनला महाराष्ट्र बंद झाला, मग सुकाणू समिती बनली आणि ११ जूनला मंत्रिगटाबरोबर पुन्हा चर्चा होऊन कर्जमाफी "तत्त्वतः" मान्य झाली.

याचं नेहमीचं स्पष्टीकरण म्हणजे "सरकारने फूट पाडली". तेवढ्यावर थांबू नका. समोरची बाजू फूट पाडायला बघणारच. खिंडार पडायला जागा कुठे होती, ते बघा. माझ्या मते ती एकाच ठिकाणी होती. संपावर जायचा निर्णय ग्रामसभेत झाला, पण संप मिटवायचा निर्णय कुठे होईल, हे संपावर असलेल्या प्रत्येक गावाला मान्य होईल अशा रीतीने आधी ठरलेलं नव्हतं. आंदोलन सुरू करायला नेता लागत नाही. मिटवताना मात्र कुणीतरी "हो" म्हणतंच. ते कुणी म्हणायचं हे मोकळं सोडलं, तर पहाटे चार वाजता खोलीत जो असेल तो म्हणतो.

आता तीन कृषी कायद्यांविरुद्धचं दिल्लीच्या सीमेवरचं २०२०-२१ चं आंदोलन बघा. ते नेतृत्वहीन नव्हतं, चाळीसेक संघटनांचे नेते होते. म्हणजे एका अर्थाने जास्तच अवघड. तरीही २० जानेवारी २०२१ च्या चर्चेत सरकारने कायदे दीड वर्ष स्थगित ठेवायचा प्रस्ताव दिला, तेव्हा प्रतिनिधींनी तिथल्या तिथे हो किंवा नाही म्हटलं नाही. प्रस्ताव परत आणला, दुसऱ्या दिवशी सर्वसाधारण बैठकीत ठेवला आणि तिथे तो नाकारला. निकाल आवडो न आवडो, पण त्या निर्णयावर "आम्हाला विचारलं नाही" असं म्हणायला कुणाला जागा उरली नाही. पुढे १९ नोव्हेंबरला कायदे मागे घेण्याची घोषणा झाली, तरी लगेच उठले नाहीत. संसदेत विधेयक झालं, उरलेल्या मुद्द्यांवर सरकारचं लेखी पत्र हातात आलं, त्यानंतर ९ डिसेंबरला आंदोलन स्थगित केलं.

तुमच्या १४ गावांसाठी म्हणून एवढं आधीच कागदावर घ्या:

– चर्चेला ५ जण. नावं दर वेळी बदलली तरी चालतील, पण आधीच्या फेरीतले दोघे पुढच्या फेरीत असावेत, नाहीतर समोरचा मागच्या वेळी काय म्हणाला हे त्याच्याच तोंडून ऐकावं लागतं.
– त्यांच्या खिशात एक पान. त्यावर तीन रकाने: जागेवर मान्य करता येईल ते, सभेला विचारूनच सांगायचं ते, आणि बोलायचंच नाही ते.
– त्याच दिवशी सही नाही. ठरलेलं वाक्य: "ऐकून घेतलं, सभेपुढे ठेवतो, उद्या संध्याकाळपर्यंत कळवतो."
– १४ पैकी किमान १० गावांच्या बैठकीत "हो" आलं तरच मान्य. १० च का? सगळ्यांचं एकमत मागितलं तर एक गाव बाकीच्या तेरांना अडवून धरतं. साध्या बहुमतावर ठेवलं तर आठ गावं "हो" म्हणतात आणि सहा वेगळी चूल मांडतात.
– रात्री दहानंतर कोणताही निर्णय नाही. ही अट हट्टाने पाळा. थकलेल्या माणसाला पहाटे काहीही पुरेसं वाटतं.

---

पोचपावती

वरच्या प्रतिसादाशी सहमत. मी पहिल्या प्रश्नाचं बघतो.

"सगळ्यात महत्त्वाची मागणी कोणती" असं सभेत विचारूच नका. तो भांडणाचा प्रश्न आहे. त्याऐवजी विचारा, या मागणीवर सही कुणाची लागते? १९ चिठ्ठ्या करा, जमिनीवर पाच कागद ठेवा आणि प्रत्येक चिठ्ठी ज्याच्या हातात ती गोष्ट आहे त्याच्या कागदावर ठेवा. तुमची यादी साधारण अशी विभागली जाईल.

पावडरची आयात केंद्राकडे. दर, अनुदान, कर्जमाफी राज्याकडे. काटे आणि मोजमापाची यंत्रं वैधमापन शास्त्र विभागाकडे. टॅगिंगच्या अडचणी पशुसंवर्धन खात्याकडे. आणि पगार कधी द्यायचा, रेटचार्ट (फॅट-एसएनएफनुसार दराचा तक्ता) कसा लावायचा, पॉइंटला किती पैसे कापायचे, हे दूध घेणाऱ्या संघाच्या किंवा खासगी प्लांटच्या हातात. पेंडीचे भाव कुठल्याच कागदावर नीट बसत नाहीत. अशा चिठ्ठ्या बाजूला ठेवा. त्या तक्रारी आहेत, पण अजून मागण्या झालेल्या नाहीत.

हे केल्यावर सभेचा सूर बदलतो. "माझी मागणी खालची का" हे भांडण मागे पडतं आणि "आपण कुणाच्या दारात जायचं" ही चर्चा सुरू होते. एका वेळी एकच दार निवडा. बाकीचे चार कागद फाडू नका, क्रम लावून त्यांच्या तारखा टाका. ज्या गावाची मागणी तिसऱ्या कागदावर आहे, त्याला ती कधी येणार हे दिसतं, म्हणून ते थांबतं.

दार निवडताना दोन कसोट्या. त्या माणसाला "हो" म्हणायचा अधिकार आहे का? आणि तुमच्यावाचून त्याचं अडतं का? केंद्राला अधिकार आहे, पण एका तालुक्यावाचून त्याचं काही अडत नाही. प्लांटला अधिकारही आहे आणि तुमचं दूध बंद झालं तर त्याच संध्याकाळी टँकर अर्धा रिकामा जातो. दराचा मोठा प्रश्न राज्याकडेच सुटेल हे खरं, पण १४ गावांची पहिली जीत प्लांटच्या दारात मिळण्याची शक्यता जास्त. शिवाय राज्याने दर जाहीर केला तरी तो खासगी प्लांट देतीलच असं नाही. २०२३ मध्ये ३.५/८.५ ला ३४ रुपये जाहीर झाले होते, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बऱ्याच ठिकाणी हातात सत्तावीसच्या आसपास पडत होते. म्हणून नुसता दर मागू नका, तो मिळतोय की नाही हे कोण आणि कधी तपासणार हेही त्याच वाक्यात मागा.

आता वाक्य. मागणीच्या वाक्यात चार गोष्टी असल्याच पाहिजेत: कुणी, काय, किती, कधीपर्यंत. "दूध उत्पादकांना न्याय द्या" यात एकही नाही. अशा वाक्याला समोरचा लगेच "हो" म्हणतो आणि तुम्ही हात हलवत परत येता.

सरकारी "हो" चेही प्रकार ओळखून ठेवा. "सकारात्मक आहोत" म्हणजे काही नाही. "तत्त्वतः मान्य" म्हणजे निकष नंतर येणार. २०१७ मध्ये नेमकं तेच झालं. ११ जूनला "तत्त्वतः" आणि २४ जूनला ३४,०२२ कोटींची योजना जाहीर झाली, ती दीड लाखांच्या मर्यादेसह. शेतकऱ्याच्या मनातलं "सरसकट" म्हणजे सातबारा कोरा, आणि कागदावरचं वेगळं. तो शब्द रस्त्यावर इतका चालला की त्याचा अर्थ मागणीत लिहायचा राहून गेला. कोणतं कर्ज, कुठल्या तारखेपर्यंतचं थकीत, मर्यादा आहे की नाही, हे आधीच लिहिलेलं असतं तर निकषांची चर्चा टेबलावरच करावी लागली असती. त्यामुळे मागणीतच कागदाचं नाव लिहा: शासन निर्णय हवा, परिपत्रक हवं, की प्लांटच्या लेटरहेडवर सही-शिक्क्याचं पत्र.

कागदपत्रांचं थोडक्यात. निवेदन एका पानाचं, जास्त नाही. तहसील कार्यालयाच्या आवक शाखेत द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. एक प्रत पोलीस ठाण्यात. मोर्चा असेल तर त्या दिवशी जिल्ह्यात मुंबई पोलीस अधिनियमाच्या (आताच्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या) कलम ३७(१)(३) चा मनाई आदेश आहे का, हे आधी विचारा आणि ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी मागा. निवेदनावर १४ गावांची नावं वर्णानुक्रमे लिहा. पहिलं नाव कुणाचं यावरूनही गटबाजी सुरू होते.

---

ल्योंहून सदा

इथल्या 'पिवळ्या जाकिटां'चं उदाहरण अगदी तुमच्या प्रश्नासारखं आहे म्हणून लिहितो.

१७ नोव्हेंबर २०१८ ला फ्रान्सभर लोक चौकाचौकांत उभे राहिले. सरकारी आकडाच पावणेतीन लाखांच्या पुढचा होता. नेता नाही, पक्ष नाही. मागणी मात्र एकदम स्पष्ट होती: इंधनावरचा वाढीव कर नको. खूण तर त्याहून सोपी. २००८ पासून फ्रान्समध्ये प्रत्येक गाडीत चमकदार पिवळं जाकीट ठेवणं सक्तीचं आहे, त्यामुळे एक पैसा खर्च न करता सगळ्यांकडे एकच गणवेश होता.

दोन आठवड्यांत मागण्या ४२ झाल्या. किमान वेतन, साठाव्या वर्षी निवृत्ती, एकही बेघर नको, कितीतरी. प्रत्येक मागणी रास्त होती. पण यादी इतकी लांब झाली की जो तो तिच्यातून आपल्याला हवं ते उचलायला लागला, सरकारही. ५ डिसेंबरला करवाढ रद्द झाली. म्हणजे मूळ मागणी पूर्ण झाली, आणि तरी ते जिंकलो म्हणून साजरं करता आलं नाही, कारण तोवर ती ४२ पैकी एक होऊन बसली होती. दूधवाटा, मागण्या वाढवायच्या असतील तर पहिली पदरात पडल्यावर वाढवा, मध्येच नको.

प्रतिनिधींचंही ऐका. नोव्हेंबरच्या अखेरीस आठ जणांची नावं प्रवक्ते म्हणून पुढे आली. लगेच आतूनच विरोध झाला: यांना निवडलं कुणी? काहींना धमक्याही आल्या. ३० नोव्हेंबरला पंतप्रधानांनी भेटीला बोलावलं तेव्हा दोघेच पोचले, आणि त्यातला एक थोड्याच वेळात बाहेर आला, कारण भेटीचं थेट प्रक्षेपण करू द्या ही त्याची अट मान्य झाली नाही. त्या अटीला बरेच जण हसले. मला ती समजण्यासारखी वाटते. बंद दाराआड काय बोललो याचा पुरावा नसेल, तर बाहेर आल्यावर आपलेच लोक विश्वास ठेवत नाहीत. पण थेट प्रक्षेपणात कुठलाच मंत्री अर्धं पाऊलही मागे येत नाही. त्यातला मधला मार्ग म्हणजे इतिवृत्त. बैठक संपताना तिथेच एक पान लिहायचं, दोन्ही बाजूंनी वाचायचं आणि बाहेर आल्यावर तेच पान, एक शब्द न बदलता, सगळ्यांना पाठवायचं.

जानेवारी २०१९ मध्ये कॉमर्सी नावाच्या छोट्या गावात स्थानिक गटांनी "सभांची सभा" भरवली. प्रत्येक गटाचे प्रतिनिधी आपल्या सभेने दिलेला मजकूर घेऊन आले. कल्पना उत्तम होती, पण आंदोलन सुरू होऊन दोन महिने उलटले होते. तुम्ही ती पहिल्या आठवड्यात भरवा.

---

कोपरा

एका मुद्द्यावर वरच्या सगळ्यांपेक्षा थोडं वेगळं मत आहे. "एक मागणी" आणि "एक संदेश" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची सरमिसळ नको.

न्यूयॉर्कमध्ये २०११ च्या सप्टेंबरात झुकोटी पार्कमध्ये लोक बसले ('ऑक्युपाय वॉल स्ट्रीट'). ज्या हाकेवरून ते जमले, त्या भित्तिपत्रकावरच प्रश्न होता की आपली एक मागणी कोणती. ती शेवटपर्यंत ठरली नाही. सभेत ठराव रोखायचा असेल तर छातीवर हात आडवे धरायचे, आणि अशी अडवणूक झाली की ९० टक्के संमती लागायची. ध्वनिक्षेपकाला परवानगी नव्हती म्हणून वक्त्याचं वाक्य पुढची रांग मोठ्याने म्हणायची, मग त्यामागची. ऐकायला सुंदर वाटतं, पण एक ठराव तासन् तास चालायचा आणि नोकरीवर जाणारा माणूस तोवर निघून गेलेला असायचा. म्हणजे ज्याला बसून राहणं परवडतं त्याचंच मत उरतं. दुधाच्या धंद्यात हे फार महत्त्वाचं आहे. संध्याकाळी धारेची वेळ सभेला दिलीत तर ज्याच्या दावणीला दोनच जनावरं आहेत आणि घरात दुसरं माणूस नाही, तो येऊच शकत नाही. आणि त्यालाच दराची झळ सगळ्यात जास्त.

पण "आम्ही ९९ टक्के" (एक टक्का श्रीमंत सोडून बाकी सगळे) हे वाक्य उरलं. पार्क १५ नोव्हेंबरला रिकामं केलं गेलं, वाक्य राहिलं. तो संदेश होता, मागणी नव्हती. त्याने माणसं जोडली.

आपल्याकडे २०१६ चे मराठा क्रांती मूक मोर्चे बघा. जुलैत कोपर्डीत मुलीवर अत्याचार आणि तिचा खून, ९ ऑगस्टला औरंगाबादला पहिला मोर्चा, पुढच्या ९ ऑगस्टला मुंबईत. मधल्या काळात जिल्ह्याजिल्ह्यांत प्रचंड मोर्चे, आणि एकही घोषणा नाही, पुढाऱ्याचं भाषण नाही. पुढे मुली आणि बायका, पुढारी सगळ्यात मागे. निवेदन मुलींच्या हातून जिल्हाधिकाऱ्यांकडे, शेवटी राष्ट्रगीत, आणि मागून रस्ता झाडत येणारे स्वयंसेवक. क्रम पाळला गेला म्हणून नेत्याशिवाय शिस्त राहिली. पुढारी मागे ठेवणं हा नुसता शिष्टाचार नव्हता. कॅमेरा पुढच्या रांगेवर असतो, त्यामुळे कुणाचा चेहरा म्हणजे मोर्चा, हे तिथेच ठरून गेलं. "एक मराठा लाख मराठा" हा संदेश सगळीकडे एकच होता.

मागण्यांचं मात्र तसं नव्हतं. कोपर्डीच्या आरोपींना फाशी ही मागणी सगळ्यांना समजत होती. आरक्षणाची मागणी जिल्हाधिकाऱ्यांकडे दिली जायची, पण तो निर्णय त्यांचा नव्हताच, ते निवेदन वर पाठवणार. (पोचपावतींचा सहीचा प्रश्न इथे लागू.) आणि ॲट्रॉसिटी कायद्याबद्दल तर कुणी "गैरवापर थांबवा" म्हणायचं, कुणी "दुरुस्ती करा", कुणी थेट "रद्द करा". या तीन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ज्यांच्या संरक्षणासाठी तो कायदा आहे त्या समाजाने सगळ्यात कडक वाक्य ऐकलं, आणि ते त्यांनी ऐकायलाच हवं होतं. त्याच वर्षी दलित-बहुजन संघटनांचे प्रतिमोर्चे निघाले. एक शब्द सैल राहिला आणि मूक मोर्चाचा अर्थ दुसऱ्या समाजाला धमकीसारखा लागला. म्हणून मजकूर नक्की करण्याआधी तो अशा माणसाला वाचून दाखवा जो तुमच्यात नाही, पण ज्याच्यावर त्याचा परिणाम होणार आहे. तुमच्या बाबतीत तो म्हणजे शहरात लिटर-दीड लिटर दूध विकत घेणारा, आणि प्लांटवर रोजंदारीने काम करणारा.

अवांतर वाटेल, पण नाही: दूध रस्त्यावर ओतू नका. दृश्य हाच संदेश होतो. ओतलेलं दूध टीव्हीवर दिसलं की चर्चा नासाडीवर जाते आणि दर बाजूला राहतो. तेच दूध वसतिगृहात, दवाखान्यात वाटा. कॅनवर चिकटवा: "आम्हाला याचे मिळतात इतके, तुम्ही देता इतके." दोन आकडे, बस.

---

अक्षरजुळणी

हाँगकाँगचं २०१९ कुणी घेतलं नाही म्हणून जोडतो, कारण मागणीच्या *शब्दावर* तिथे जे झालं ते शिकण्यासारखं आहे.

प्रत्यार्पण विधेयक (संशयितांना चीनकडे सोपवता येईल असं) १५ जूनला सरकारने "स्थगित" केलं. लोकांचा शब्द होता "मागे घ्या". दुसऱ्या दिवशी आयोजकांच्या आकड्यानुसार वीस लाख लोक रस्त्यावर आले. एका शब्दाचा फरक प्रत्येकाला कळत होता, कारण तोच शब्द पहिल्यापासून सगळ्यांच्या तोंडी होता. पुढे पाच मागण्या रूढ झाल्या: विधेयक मागे घ्या, आंदोलनाला दंगल म्हणणं थांबवा, अटक झालेल्यांवरचे आरोप सोडा, पोलिसांच्या वागणुकीची स्वतंत्र चौकशी करा, आणि सार्वत्रिक मताधिकार द्या. सुरुवातीच्या यादीत शेवटच्या जागी हाँगकाँग सरकारच्या प्रमुखांचा राजीनामा होता. तो गेला आणि मताधिकार आला, पण आकडा पाचच राहिला. हाताची पाच बोटं दाखवली की सगळं सांगून व्हायचं.

ही यादी कुणा समितीने बसवलेली नव्हती. चर्चामंचांवर मतं पडायची, टेलिग्रामवर पत्रकं फिरायची, जे सगळ्यांना पटलं ते उरलं. आपसात एक अलिखित नियम होता: पद्धत वेगळी असली तरी एकमेकांना जाहीरपणे तोडायचं नाही. त्यामुळे शांततेने चालणारे आणि आक्रमक, दोघेही महिनोन् महिने एकत्र राहिले.

आता त्याची दुसरी बाजू. घोषणा होती "पाच मागण्या, एकही कमी नाही". ४ सप्टेंबरला विधेयक मागे घेण्याचं जाहीर झालं. मूळ मागणी पूर्ण! पण "एकही कमी नाही" म्हटल्यावर हे घेऊन थांबायचं की पुढे जायचं, असा प्रश्नसुद्धा कुणाला मोठ्याने विचारता येईना. जी ओळ एकी टिकवते तीच मिळालेलं घ्यायला आड येते. तिथे समोर चीन होता ते बघता, थांबले असते तरी पुढचं टळलं असतं असं मला वाटत नाही. २०२० च्या जूनअखेर राष्ट्रीय सुरक्षा कायदा आलाच. पण तुमच्यासमोर दूध प्लांट आहे. "एकही कमी नाही" ही ओळ तुम्ही घेऊ नका.

व्हॉट्सॲपबद्दल व्यावहारिक सूचना. आंदोलन सुरू झालं की मजकूर दोन दिवसांत बदलतो, कारण पुढे पाठवताना प्रत्येकजण आपली एक ओळ घालतो. उपाय: मागणीचा मजकूर चित्ररूपात ठेवा, खाली "मसुदा ३" असं लिहून तारीख टाका, आणि तोच मजकूर अक्षरांतही पाठवा म्हणजे ज्याला छापायचं त्याला पुन्हा टाइप करावं लागणार नाही. घोषणांसाठी वेगळा गट, त्यात फक्त ॲडमिन पाठवू शकतील असं सेटिंग, आणि ॲडमिन प्रत्येक गावाचा एक. गप्पा आणि वाद गावाच्या गटात. एकाच गटात १४ गावं घातली तर तिसऱ्या दिवशी सुप्रभातच्या फुलांत तुमची मागणी हरवेल.

---

दूधवाटा (धागालेखक)

सगळ्यांचे मनापासून आभार. चिठ्ठ्यांची पद्धत वापरून इथेच मांडणी केली. पाच कागद: केंद्र १, राज्य ६, पशुसंवर्धन २, वैधमापन २, प्लांट ५. तीन चिठ्ठ्या बाजूला. पहिलं दार प्लांटचं. प्लांटच्या पाच चिठ्ठ्यांतल्या तीन एकाच वाक्यात येतात असं दिसतंय. मसुदा:

"तालुक्यातून दूध घेणाऱ्या प्रत्येक संघाने आणि प्लांटने गायीच्या दुधाचा रेटचार्ट, त्यात फॅट व एसएनएफच्या प्रत्येक पॉइंटला होणारी वाढ आणि कपात, संकलन केंद्रावर मराठीत लावावा, तो बदलायचा असल्यास दहा दिवस आधी कळवावं, आणि दहा दिवसांचा पगार पुढच्या तीन दिवसांत खात्यावर जमा करावा."

दर यात नाही, यावर काही गावं कुरकुरतील. त्यांना राज्याच्या कागदावरची तारीख दाखवू. हे वाक्य ठीक आहे का?

---

बांधकरी

दर नाही हे चांगलंच. चार्ट भिंतीवर आला की पुढच्या महिन्यात दराची चर्चा तुमच्या हातातल्या आकड्यांवर होईल. फक्त "कळवावं" म्हणजे कुणाला? ते लिहा. नाहीतर केंद्रचालकाला फोन केला की कळवलं.

---

पोचपावती

"कधीपासून" राहिलं. आणि "लावावा" ला पुरावा काय? असं करून बघा: "...रेटचार्ट अमुक तारखेपासून प्रत्येक संकलन केंद्रावर मराठीत लावावा, त्याची सही-शिक्क्याची प्रत गावाच्या प्रतिनिधीस द्यावी, आणि बदलायचा असल्यास दहा दिवस आधी त्याच प्रतिनिधीस लेखी कळवावं." पगाराचा भाग वेगळ्या वाक्यात घ्या. दोन गोष्टी एका वाक्यात असल्या की प्लांट सोपी देतो आणि सगळं दिलं असं म्हणतो.

मोठ्याने वाचून बघा. एका दमात वाचता आलं नाही तर सभेत कुणाच्या लक्षात राहणार नाही.

---

कोपरा

"गावाच्या प्रतिनिधीस" च्या जागी "गावाच्या दोन प्रतिनिधींस, त्यातली एक बाई" असं घालता येईल का? धारा काढणं, केंद्रावर दूध घालणं, बहुतेक घरांत बायकाच करतात. पगार मात्र पुरुषाच्या खात्यावर जातो. रेटचार्ट कुणाला वाचता यायला हवा, हे त्यावरून ठरवा.

---

दूधवाटा (धागालेखक)

घातलं. मसुदा ४ उद्या सकाळी, धारा आटोपल्यावर, १४ गावांत वाचायला जातोय.